मायदेशी न परतलेला मुंबईकर वैमानिक

विलेपार्ल्याच्या रहिवाशांना विमानांच्या आवाजाचे अप्रूप उरलेले नाही. एका बाजूला सांताक्रूझचा विमानतळ, दुसऱ्या बाजूला जुहूची जुनी धावपट्टी, असा हा परिसर आहे. जुहूला १९२८ साली विमानतळ झाला आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तेथे उतरले. त्याच्या आठवडाभर आधी, ८ ऑक्टोबरला, भारतीय हवाई दलाची स्थापना झाली होती. भारतीय विमानोड्डाणाचा इतिहास सांगताना बहुधा याच दोन तारखांपासून सुरुवात केली जाते. परंतु त्यापूर्वी तब्बल १४ वर्षे मुंबईचा एक तरुण फ्रान्सच्या आकाशात लढताना जखमी झाला आणि तेथेच मरण पावला. लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर हे त्याचे नाव.

पहिल्या महायुद्धात भारतातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली. त्यांत शिपाई होते, मजूर होते, खेचरांचे तांडे हाकणारे होते. मात्र अधिकारपदाची सनद भारतीयांना जवळपास बंद होती. ब्रिटिश सेनेत अधिकारी होण्यासाठी उमेदवार युरोपीय वंशाचा असावा, असा दंडक होता. उड्डाण शिकण्याची ऐपत व धाडस असूनही केवळ जन्मामुळे दार बंद होण्याचा तो काळ होता.

या दारावर पहिला धक्का दिला तो रावळपिंडीच्या हरदितसिंग मलिक यांनी. ऑक्सफर्डचे हे पदवीधर ब्रिटिश सेनेने नाकारल्यावर फ्रेंच रेडक्रॉससाठी रुग्णवाहिका चालवू लागले. त्यांच्या प्राध्यापकांनी वरिष्ठांकडे शब्द टाकला आणि १९१७ च्या एप्रिलमध्ये ते 'रॉयल फ्लाइंग कोअर'मध्ये दाखल झाले. त्या युद्धात वैमानिक अधिकारी म्हणून लढलेल्या भारतीयांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. मलिक, कोलकात्याचे इंद्रलाल रॉय, एरल चंदर सेन आणि मुंबईचे वेलिणकर ही त्यांतील चार ठळक नावे होत.

वेलिणकर हे केंब्रिजच्या जीझस कॉलेजचे विद्यार्थी. उच्च शिक्षणासाठी विलायतेस गेलेल्या त्या पिढीतील बहुतेक तरुणांसमोर बॅरिस्टरी किंवा सनदी नोकरी हे सरळ मार्ग होते. वेलिणकरांनी विमान निवडले. त्या काळी विमान म्हणजे लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणलेले कापड आणि पुढे गर्जणारे एंजिन. ब्रिटिश वैमानिकांना हवाई छत्रीदेखील दिली जात नसे. विमानाने पेट घेतला तर सुटकेचा मार्गच नव्हता.

१ एप्रिल १९१८ रोजी 'रॉयल एअर फोर्स' अस्तित्वात आले. वेलिणकर त्याच्या २३ क्रमांकाच्या तुकडीत होते. ही तुकडी 'सॉपविथ डॉल्फिन' हे नवे एकआसनी लढाऊ विमान वापरत असे. त्याची रचना विलक्षण होती. वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या सांगाड्यातून बाहेर येई. त्यामुळे वरचे आकाश स्वच्छ दिसे, शत्रू लवकर टिपता येई. मात्र उतरताना विमान उलटले तर पहिला आघात वैमानिकाच्या मानेवरच होई.

त्या वसंतात जर्मन सैन्याने मोठी चढाई केली होती आणि सोम नदीच्या परिसरात, आमियां शहराच्या पूर्वेला आघाडी येऊन ठेपली होती. २७ जून १९१८ रोजी गस्तीवर निघालेले वेलिणकरांचे विमान तळावर परतले नाही. ते जखमी अवस्थेत जर्मनांच्या हाती लागले होते. तीन दिवसांनी, ३० जून रोजी, युद्धकैदी म्हणूनच त्यांचा मृत्यू झाला. युद्ध संपायला तेव्हा साडेचार महिनेही उरले नव्हते.

मृत्यूनंतरही त्यांची परवड थांबली नाही. शत्रूने त्यांचे दफन केले खरे, परंतु अनोळखी भारतीय आडनाव नोंदवताना त्याचा अपभ्रंश झाला. परिणामी ती कबर नेमकी कोणाची, हे तत्काळ उमगले नाही. युद्धानंतर शोध घेतला गेला, तेव्हा ओळख पटली. आज फ्रान्समधील हांगार येथील युद्धस्मशानभूमीत त्यांचा दगड उभा आहे. तेथे हुद्दा वा वंश न पाहता सर्वांना सारखाच दगड दिलेला आहे. जिवंतपणी ज्या समानतेसाठी झगडावे लागले, ती तेथे आपोआप लाभली.

त्यांच्या सोबत्यांचे नशीब निरनिराळे ठरले. इंद्रलाल रॉय यांनी त्याच वर्षी जुलैत अवघ्या दोन आठवड्यांत दहा विमाने पाडली आणि २२ जुलैला तेही धारातीर्थी पडले. सेन १९१७ मध्येच युद्धकैदी झाले होते; ते युद्धानंतर सुटले. मलिक जखमी होऊनही बचावले, मायदेशी परतले, सनदी सेवेत गेले आणि स्वातंत्र्यानंतर फ्रान्समध्ये भारताचे राजदूत झाले. १९८५ साली ते निवर्तले.

या मूठभर तरुणांनी एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली होती. भारतीयांना विमान चालवता येत नाही, हे म्हणण्याची सोय आता उरली नव्हती. तरीही हालचाल व्हायला वेळ लागला. स्कीन समितीने भारतीयांना हवाई दलाचे दार उघडावे, अशी शिफारस केली. १९३० साली पहिले भारतीय छात्र इंग्लंडमधील क्रॅनवेलला गेले. वेलिणकरांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२० साली मुंबईतच जन्मलेले हृषीकेश मूळगावकर १९४० मध्ये हवाई दलात अधिकारी झाले. दुसऱ्या महायुद्धातून ते सुखरूप परतले, काश्मीरच्या युद्धात महावीरचक्राचे मानकरी ठरले आणि १९७६ मध्ये हवाई दलप्रमुख झाले. जे दार वेलिणकरांसाठी अपवाद म्हणून किलकिले झाले, त्यातूनच पुढची मुंबईकर पिढी ताठ मानेने आत गेली.

वेलिणकर स्वतः मात्र कधीच मुंबईला परतले नाहीत. हांगारच्या शेकडो कबरींत अनेक आजही निनावी आहेत. त्यांत एका मराठी आडनावाला त्याची ओळख परत मिळाली, एवढेच त्यांचे परतणे. पार्ल्यावरून जाणाऱ्या विमानाकडे मान वर करून पाहताना त्या नावाचे एकदा स्मरण व्हावे, इतके ऋण या शहरावर निश्चितच आहे.