चार हात आणि एक वाद्य

टायटन घड्याळांच्या जाहिरातीची धून ज्याने कधी गुणगुणली नाही, असा शहरी माणूस विरळाच. ती धून वुल्फगँग अमाडेउस मोझार्टच्या पंचविसाव्या सिम्फनीतील. त्याच्या चाळिसाव्या सिम्फनीचा आधार घेऊन सलील चौधरी यांनी १९६१च्या ‘छाया’ चित्रपटातील एक द्वंद्वगीत बांधले आणि तेही आपल्याकडे घरोघरी पोहोचले. ज्याचे सूर एवढे दूर आले, त्या मोझार्टच्या घरात त्याच्या आधी आणखी एक बालवादक होती. ती त्याची थोरली बहीण मारिया आना. घरचे सारे तिला नानर्ल म्हणत.

नानर्लचा जन्म ३० जुलै १७५१चा, वुल्फगँगचा २७ जानेवारी १७५६चा. ऑस्ट्रियातील साल्झबर्ग येथे लिओपोल्ड आणि आना मारिया मोझार्ट या दाम्पत्याला सात अपत्ये झाली, त्यातली ही दोनच जगली. लिओपोल्ड तिथल्या आर्चबिशपच्या दरबारी व्हायोलिनवादक होता. व्हायोलिन शिकवण्याविषयीचे त्याचे पुस्तक वुल्फगँगच्या जन्माच्याच वर्षी प्रसिद्ध झाले. असा शिक्षक घरात असताना मुलीचे शिक्षण लांबणीवर पडणे शक्यच नव्हते. १७५९ साली, नानर्ल आठव्या वर्षात पोहोचलेली असताना, लिओपोल्डने तिच्यासाठी एक संगीतवही तयार केली. सोप्या मिन्युएटपासून अवघड रचनांपर्यंत चढत जाणारी ही वही समोर ठेवून ती हार्प्सिकॉर्डवर धडे गिरवू लागली.

तीन वर्षांचा धाकटा भाऊ शेजारी उभा राहून हे पाहत असे. ताईच्या हातातली वस्तू आपल्याला हवीच, हा धाकट्यांचा हट्ट घरोघरी असतो. या घरात ती वस्तू संगीत होती. ताईचा धडा संपला की तो वाद्याजवळ जाई आणि कानाला गोड लागणाऱ्या स्वरांच्या जोड्या शोधत बसे. पुढे तिच्याच वहीतले धडे तो वाजवू लागला. लिओपोल्डने वहीत त्या त्या रचनेखाली नोंदी करून ठेवल्या आहेत. त्यांतील एका नोंदीनुसार, पाचवा वाढदिवस तीन दिवसांवर असताना त्याने रात्री नऊ ते साडेनऊ या अर्ध्या तासात वागेनझाइलची एक रचना आत्मसात केली. मग त्याच्या स्वतःच्या पहिल्यावहिल्या रचनाही वडिलांच्या अक्षरात त्याच वहीत उतरल्या. वही नानर्लची होती आणि तिच्यातून घडत होता वुल्फगँग.

याचे तिला काय वाटले असेल? दहा वर्षांच्या मुलीने वर्षानुवर्षांच्या कष्टाने कमावलेले जर पाच वर्षांचे पोर अर्ध्या तासात उचलत असेल, तर मन कुठेतरी दुखावल्याखेरीज राहणार नाही. परंतु या दोघांच्या बालपणात भांडणापेक्षा संगत अधिक दिसते. खेळणी एका खोलीतून दुसरीकडे न्यायची तर कोणीतरी कूचगीत गायला किंवा वाजवायला हवेच, असा छोट्या वुल्फगँगचा नियम होता. प्रवासात तर दोघांनी स्वतःचे एक राज्यच कल्पिले. त्या राज्याचा राजा अर्थातच वुल्फगँग! गावांची नावे तो सांगे आणि सोबतचा नोकर नकाशा काढून देई. थोरल्या बहिणीने धाकट्याला राजा होऊ दिले, यात तिचा स्वभाव दिसतो, असे म्हणायला हरकत नाही.

हे प्रवास म्हणजे वडिलांचा उद्योग होता. १७६२च्या ऑक्टोबरात व्हिएन्नाच्या श्योनब्रुन राजवाड्यात मुलांनी सम्राज्ञी मारिया तेरेसापुढे वादन केले. बक्षीस म्हणून दोघांना राजघराण्यातील मुलांचे पोशाख मिळाले. ९ जून १७६३ रोजी सारे कुटुंब घोडागाडीतून युरोपच्या दौऱ्यावर निघाले, ते परतले २९ नोव्हेंबर १७६६ रोजी. म्युनिक, ब्रसेल्स, पॅरिस, लंडन, हेग अशी ही साडेतीन वर्षांची फिरस्ती. नानर्ल लहानशी पाहुणी कलावंत म्हणून मागे बसत नव्हती. बाराव्या वर्षी ती युरोपातील अत्यंत कुशल वादकांपैकी एक आहे, असे खुद्द लिओपोल्डने लंडनहून कळवले होते. हाच लिओपोल्ड जाहिरातीत मात्र दोघांचीही वये एकेक वर्षाने कमी सांगे. चमत्कार जितका लहान, तितके तिकीट अधिक खपते, हे तो जाणून होता. लंडनमधील शेवटच्या दिवसांत तर कॉर्नहिल भागातील एका खानावळीत, स्वरपट्ट्यांवर रुमाल अंथरून, एकाच हार्प्सिकॉर्डवर चार हातांनी वाजवण्याचा प्रयोग या भावंडांना पैसे मोजणाऱ्यांसमोर करावा लागला.

त्याच लंडनमधली एक आठवण मात्र बाजारापासून दूरची आहे. १७६४च्या उन्हाळ्यात लिओपोल्ड आजारी पडला आणि त्याला त्रास नको म्हणून मुलांना वाद्याला हात लावण्याची बंदी झाली. वाजवायचे नाही तर लिहायचे, असे आठ वर्षांच्या वुल्फगँगने ठरवले आणि सिम्फनी रचायला घेतली. नानर्ल शेजारी बसून ती उतरवून घेत होती. हॉर्नसाठी काही चांगले लिहायची आपल्याला आठवण कर, असे त्याने तिला बजावून ठेवले होते. उतारवयात तिने हे सांगितले, तेव्हा मध्ये अनेक दशके लोटली होती.

१७६५च्या शरदात हेग येथे तिला विषमज्वराने गाठले. प्रकृती इतकी खालावली की धर्मगुरूंना बोलावून तिचे अंतिम संस्कार उरकण्यात आले. तापाच्या भरात ती कधी इंग्रजीत, कधी फ्रेंचमध्ये, तर कधी जर्मनमध्ये बरळे आणि त्या दुःखातही आईवडिलांना हसू येई. वुल्फगँग शेजारच्या खोलीत आपल्या संगीतात गुंग होता. ती वाचली, तोच त्याने अंथरूण धरले. दोन वर्षांनी दोघांनाही देवी आल्या. त्यातूनही दोघे उठले.

परंतु १३ डिसेंबर १७६९ रोजी साल्झबर्गहून इटलीकडे जी गाडी निघाली, तिच्यात लिओपोल्ड आणि वुल्फगँग असे दोघेच होते. नानर्ल अठरा वर्षांची झाली होती. बालवादक म्हणून दाखवण्याचे तिचे वय सरले होते आणि तरुण मुलीला व्यावसायिक वादक म्हणून गावोगाव फिरवणे लिओपोल्डच्या हिशेबात बसत नव्हते. ती आईपाशी घरी राहिली. इटलीच्या तीन वाऱ्या भावाने केल्या, तिने एकही नाही. तेथे त्याला पोपकडून सन्मान मिळाला, मिलानमध्ये त्याचा ऑपेरा रंगमंचावर आला. हे सारे तिला पत्रांतून कळत होते.

ती पत्रे मात्र मोठी गमतीची आहेत. वडिलांच्या पत्राखाली वुल्फगँग बहिणीसाठी चार ओळी खरडी. त्यात इटालियन आणि साल्झबर्गची बोली यांची खिचडी असे, थट्टा असे, नव्या गवयांच्या नकला असत आणि मायकेल हायडनच्या मिन्युएट पाठवून दे, अशी मागणीही असे. १७७० साली नानर्लने स्वतः रचलेले एक गीत त्याला पाठवले. चौदा वर्षांच्या भावाने रोमहून उत्तर लिहिले. तिला इतके सुंदर रचता येते याचे त्याला आश्चर्य वाटले होते आणि असे आणखी करत राहा, असा त्याचा आग्रह होता. ते गीत आज उपलब्ध नाही. तिची कोणतीच रचना उरलेली नाही. वडिलांनी या बाबतीत तिला उत्तेजन दिल्याचेही कोठे दिसत नाही.

वुल्फगँग घरी असे तेव्हा जुने दिवस परतत. रविवारी हवेच्या बंदुकीने चित्रांच्या लक्ष्यावर नेम धरण्याचा कौटुंबिक खेळ चाले. बहिणीच्या दैनंदिनीत तीच लिहिते आहे अशा थाटात तो वात्रट नोंदी करून ठेवी. १७८०च्या सुमारास काढलेल्या कुटुंबाच्या चित्रात दोघे एकाच वाद्यापाशी बसले आहेत, हात एकमेकांवरून गेलेले. आई भिंतीवरच्या तसबिरीत आहे. १७७८च्या जुलैत, वुल्फगँगसोबत पॅरिसला गेली असताना, ती तेथेच वारली होती. त्या काळात नानर्ल साल्झबर्गमध्ये पियानोच्या शिकवण्या करून घरखर्चाला हातभार लावत होती. भाऊ नोकरी शोधत फिरत होता आणि घरावर कर्ज चढत होते.

१७८१ साली वुल्फगँग आर्चबिशपशी भांडून व्हिएन्नाला कायमचा राहिला. त्याच सुमारास नानर्लचे मन फ्रान्झ द’इपोल्ड या साल्झबर्गच्या एका शाळाप्रमुखावर जडले होते. तुम्ही दोघे व्हिएन्नाला या, तू येथे शिकवण्या कर, मैफली कर, मी पडेल ते साह्य करीन, असे भावाने तिला कळवले. ती गेली नाही. लग्नही झाले नाही. वडिलांचा विरोध नडला, असे बहुतेक चरित्रकार मानतात. भाऊ वडिलांना झुगारून निघून गेला आणि बहीण राहिली. एकाच घरात वाढलेल्या दोन सारख्याच गुणी मुलांच्या वाटा येथे खऱ्या अर्थाने फुटल्या.

वुल्फगँगने १७८२ साली कॉन्स्टान्झ वेबरशी लग्न केले. वडिलांना हे मनापासून रुचले नव्हते आणि नानर्लनेही वहिनीला फारसे जवळ केले नाही. १७८३च्या उन्हाळ्यात तो पत्नीला घेऊन साल्झबर्गला तीन महिने राहून गेला. भावंडांची ती शेवटची भेट. पुढच्याच वर्षी, तेहतिसाव्या वर्षी, नानर्लचे लग्न झाले. नवरा सेंट गिल्गेन गावचा अंमलदार, दोनदा विधुर झालेला, पाच मुलांचा बाप. योगायोग असा की ज्या घरात ती नांदायला गेली, त्याच घरात तिच्या आईचा जन्म झाला होता. भावाने थट्टेची कविता पाठवली, पण लग्नाला तो आला नाही. त्या खेड्यातही नानर्ल रोज सराव करी. वुल्फगँगच्या नव्या पियानो कॉन्चेर्टोंच्या प्रती वडील तिला पाठवत आणि ती त्या बसवे. व्हिएन्नाचे रसिक त्याच रचना खुद्द त्याच्याकडून ऐकत होते.

२८ मे १७८७ रोजी लिओपोल्ड गेला. मागे उरली वाटणी. वुल्फगँगने एक हजार गुल्डन घेऊन आपला हक्क सोडला. भांडण झाले नाही, पण पत्रांची भाषा व्यवहाराची झाली. २ ऑगस्ट १७८८चे त्याचे पत्र हे तिला लिहिलेले शेवटचे ज्ञात पत्र. त्यासोबत त्याने आपल्या नव्या पियानो रचना पाठवल्या होत्या आणि मायकेल हायडनच्या काही रचना मिळवून देण्याची विनंती केली होती. अठरा वर्षांपूर्वी इटलीहून केलेली मागणीच जणू पुन्हा आली होती. ५ डिसेंबर १७९१ रोजी पस्तिसाव्या वर्षी तो गेला.

त्यानंतर बहिणीने केलेले काम चरित्रकारांनी पुरेसे ओळखलेले नाही. १७९२ साली तिने भावाच्या बालपणाच्या आठवणी लिहून दिल्या, जुने कुटुंबस्नेही शाख्टनर यांच्याकडूनही लिहवून घेतल्या. खेळण्यांचे कूचगीत आपल्याला ठाऊक आहे ते त्यामुळेच. भावाच्या अखेरच्या वर्षांतील ओढगस्त तिला पुढे छापील चरित्रातून समजली, तेव्हा ती फार व्यथित झाली. १८०१ साली वैधव्य आल्यावर ती साल्झबर्गला परतली आणि पुन्हा शिकवण्या करू लागली. आपल्या त्या जुन्या वहीची काही पाने तिने भावाच्या चाहत्यांना आठवण म्हणून काढून दिली. तिच्या दोन्ही मुली तिच्या हयातीतच वारल्या. १८२५ साली तिची दृष्टी गेली.

ती हलाखीत असल्याची वार्ता ऐकून १८२९च्या जुलैत व्हिन्सेंट नोव्हेलो आणि त्यांची पत्नी मेरी लंडनहून वर्गणी गोळा करून साल्झबर्गला आले. प्रत्यक्षात ती गरीब नव्हती. फार थकली होती, अंथरुणाला खिळली होती, जेमतेम बोलू शकत होती. दोन दिवसांपूर्वीच तिने आपल्याला पियानोपाशी उचलून न्यायला सांगितले होते, असे पाहुण्यांना कळले. डावा हात हलत नव्हता. उजव्या हाताने तिने आठवतील तेवढे तुकडे वाजवले होते.

२९ ऑक्टोबर १८२९ रोजी तिचे निधन झाले. साल्झबर्गच्या सेंट पीटर दफनभूमीत तिचे थडगे आहे. त्याच सामायिक तळघरात मायकेल हायडनही विसावला आहे.