स्वदेशी मोटारीचा ध्यास : वालचंद हिराचंद

(द्वितीय वर्ष, कला)

विश्रांतवाडीच्या चौकातून आळंदी रस्त्याने थोडे पुढे गेले की एक छोटे गॅरेज लागते. माझे बाबा तेथे मिस्त्री आहेत. गेल्या पावसाळ्यात कळसच्या एका निवृत्त गृहस्थांनी आपली जुनी प्रीमियर पद्मिनी दोरखंडाने ओढून तेथे आणली. नऊ वर्षे ती चिंचेच्या झाडाखाली उभी होती. उंदरांनी गाद्या कुरतडल्या होत्या, खालचा पत्रा गंजाने खाल्ला होता आणि इंजिन जाम झाले होते. गॅरेजच्या शेठनी ती भंगारात घालावी असा सल्ला दिला; पण त्या गृहस्थांचा जीव तिच्यात अडकला होता. शेवटी रोजचे काम आटोपल्यावर, रात्रीच्या वेळी, बाबांनी ती उघडायला घेतली. मी दिवा धरीत असे आणि बाबा मागतील तो पाना त्यांच्या हातात देत असे.

एकदा मी सहज विचारले की ही गाडी बनवली कोणी? बाबांनी फियाट असे उत्तर दिले. सगळेच तिला फियाट म्हणतात. पण बॉनेटखालच्या पट्टीवर मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचे नाव होते. ते नाव घेऊन मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेले आणि तेथे मला वालचंद हिराचंद भेटले. तीच भेट आपणा सर्वांस घडवावी म्हणून हा लेखनप्रपंच!

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे मूळचे गुजरातचे, धर्माने जैन, आणि धंदा कापसाचा व सावकारीचा. जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्यांचे मातृछत्र हरपले. १८९९ साली ते सोलापुरातून मॅट्रिक झाले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात काही काळ काढून ते इतिहास व अर्थशास्त्र हे विषय घेऊन बी.ए. करण्यासाठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. हे वाचताना मी क्षणभर थांबले. डेक्कन कॉलेजची ती दगडी इमारत आमच्या घरापासून फार तर दोन-तीन किलोमीटरवर आहे. शाळेत असताना बसच्या खिडकीतून मी तिचे फाटक रोज पाहिले आहे. त्या फाटकातून माझ्याच वयाचा हा विद्यार्थी ये-जा करीत होता, हे मला कोणीच सांगितले नव्हते.

बी.ए.चा अभ्यास मात्र पुरा झाला नाही. वालचंद सोलापूरला परतले आणि घरच्या पेढीवर बसले. परंतु कापसाची खरेदी-विक्री आणि व्याजाचे हिशेब यांत त्यांचे मन रमेना. अशा वेळी त्यांची गाठ लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक हे पूर्वी रेल्वेत कारकून होते आणि आता रेल्वेची कंत्राटे घेऊ पाहत होते. एकाजवळ अनुभव होता, दुसऱ्याजवळ भांडवल आणि धाडस. दोघांनी भागीदारीत बार्शी लाइट रेल्वेचे काम घेतले. पेढीवरचा मुलगा माती, खडी आणि रूळ यांच्या जगात आला तो असा. पुढे त्यांच्या कंपन्यांनी तानसा तलावाचे पाणी मुंबईला नेणाऱ्या नळांचे काम केले, मुंबई-पुणे रेल्वेमार्गावर बोरघाटातील बोगदे खोदले. आज आपण गाडीने मुंबईला जातो आणि खंडाळ्याच्या बोगद्यांत डब्यात अंधार होतो, तेव्हा त्या अंधारातही या माणसाच्या कामाचा वाटा आहे.

पहिले महायुद्ध संपले त्या सुमारास ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची लॉयल्टी नावाची बोट विकाऊ असल्याचे वालचंदांना कळले. युद्धकाळात तिचा उपयोग इस्पितळ म्हणून झाला होता. नरोत्तम मोरारजी व इतर मित्रांसह त्यांनी ती विकत घेतली आणि १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. त्या काळी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील वाहतूकसुद्धा इंग्रज कंपन्यांच्या मुठीत होती. त्यांनी भाडे उतरवून नव्या कंपनीला बुडवण्याचा प्रयत्न केला. परंतु सिंदिया बुडाली नाही.

आता मुख्य विषयाकडे वळू. मोटारी या देशात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच आल्या होत्या. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला कारखाना घातला. पण तेथे मोटार बनत नव्हती, जोडली जात होती. सुटे भाग खोक्यांतून परदेशाहून यायचे आणि आपले कामगार ते बोल्टने आवळायचे. आवळणे आणि घडवणे यांतला फरक आमच्या बाबांना कोणी सांगावा लागत नाही. जो नुसता भाग बदलतो तो फिटर, आणि जो भाग मिळत नसताना गाडी चालू करतो तो मिस्त्री, असे त्यांचे साधे गणित आहे. वालचंदांना देशासाठी नेमका हाच फरक पुसून टाकायचा होता.

थोर अभियंते सर विश्वेश्वरय्या यांनीही तीसच्या दशकात मोटार कारखान्याचा ध्यास घेतला होता. त्यासाठी ते अमेरिकेतील कारखाने पाहून आले. बाळासाहेब खेरांच्या मुंबई मंत्रिमंडळाने या योजनेला पाठिंबा दिला, परंतु १९३९ च्या अखेरीस त्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. वालचंदांनी तंत्र शिकवणाऱ्या अमेरिकन कंपनीचा शोध चालू ठेवला. फोर्डशी बोलणे जमले नाही. १९४० साली क्रायस्लर कंपनीशी करार झाला. पण दुसरे महायुद्ध सुरू झाले होते, यंत्रे आणायला सरकारची परवानगी व मदत हवी होती, आणि परकीय सरकारला या कारखान्याची निकड वाटत नव्हती. करार हातात आणि कारखाना कागदावर, अशी स्थिती झाली.

दुसरा एखादा माणस खचला असता. वालचंदांनी मात्र याच काळात आणखी दोन कामे अंगावर घेतली. १९३९ साली अमेरिकेहून परतताना विमानप्रवासात त्यांची एका अमेरिकन विमान कंपनीच्या विल्यम पॉली या व्यवस्थापकाशी ओळख झाली. त्या योगायोगाच्या ओळखीतून डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी राहिली. जून १९४१ मध्ये डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या कारखान्याची कोनशिला बसली. जहाज, विमान आणि मोटार! या तिन्हींपैकी एकही वस्तू हा देश त्यावेळी खऱ्या अर्थाने बनवीत नव्हता, आणि तिन्ही बनवण्याचा विडा एकाच माणसाने उचलला होता.

यांतले विमान त्यांच्या हाती राहिले नाही. १९४२ साली युद्धाच्या निकडीपोटी सरकारने तो कारखाना ताब्यात घेतला. विशाखापट्टणमचे जलउषा हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते मार्च १९४८ मध्ये पाण्यात उतरले. पण तो कारखानाही पुढे सरकारी झाला. हे वाचल्यावर मला प्रथम वाईट वाटले. नंतर एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या विश्रांतवाडीवरून लोहगावची सुखोई विमाने कानठळ्या बसवीत जातात आणि वर्गात बोलणे थांबते. त्या जातीची विमाने नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधली, आणि ही संस्था वालचंदांच्या त्याच बंगलोरच्या कंपनीतून वाढलेली आहे. झाड दुसऱ्याच्या अंगणात गेले, तरी ते रुजवणारे हात विसरू नयेत.

मोटारीचा हट्ट मात्र त्यांनी सोडला नाही. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन झाली, मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, तेथून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज व प्लिमथ या मोटारी आणि फार्गो हे ट्रक ही त्यांची नावे. सुरुवातीला येथेही बाहेरून आलेले भागच जोडले जात होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण उद्देश वेगळा होता. एकेक भाग देशात घडवीत जायचे आणि खोक्यांतले सामान वर्षावर्षाने कमी करायचे, असा तो मार्ग होता. पुढे सरकारनेही तेच धोरण धरले. केवळ जोडणी करणाऱ्या कंपन्यांना येथे जागा उरली नाही, आणि जनरल मोटर्स व फोर्ड यांनी १९५४ च्या सुमारास येथून आपला गाशा गुंडाळला. कुर्ल्याचा कारखाना टिकला.

दैवाचा खेळ असा, की मोटार रस्त्यावर आली आणि माणूस अंथरुणावर पडला. १९४९ साली वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये ते कामातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची शुश्रूषा केली, बंधूंनी उद्योग सांभाळले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. ज्या गाडीने त्यांच्या कारखान्याचे नाव घरोघरी नेले ती फियाट अकराशे त्यानंतरच्या वर्षी, १९५४ मध्ये आली. तिचीच पुढची पिढी म्हणजे पद्मिनी. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी, लग्नातली फुलांनी सजवलेली गाडी, डॉक्टरांची गाडी, अशा किती रूपांत ती लोकांनी पाहिली! ते सारे पाहायला वालचंद नव्हते.

पुढची हकीकत गौरवाची नाही. परवान्यांच्या राज्यात स्पर्धा नव्हती. गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहत असे आणि तीच गाडी, तेच १०८९ सीसीचे इंजिन दशकानुदशके चालत राहिले. १९८३ साली मारुती आली आणि चित्र पालटले. २००० सालाच्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले आणि ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची टॅक्सीही गेली. ज्या माणसाने एका आयुष्यात जहाज, विमान आणि मोटार यांना हात घातला, त्याच्या कारखान्याने एकाच गाडीवर इतकी वर्षे काढावी, हे मनाला लागते. सुरू करण्याचे धाडस वारसाहक्काने मिळत नसावे.

या लेखासाठी वाचन करीत असताना माझ्या मनात दुसरेही काही चालले होते, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा सातवीपर्यंत शिकले, आई शाळेत गेली नाही. दिवाळीनंतर घरात पैशांची फार ओढाताण झाली, तेव्हा कॉलेज सोडून एखाद्या दुकानात नोकरी धरावी असे मला वाटू लागले. वालचंदांनीही बी.ए. सोडलेच होते ना, असा आधारही मी मनाशी घेतला. पण त्यांचे चरित्र पुन्हा नीट वाचले आणि तो आधार लटका ठरला. त्यांनी कॉलेज सोडले तेव्हा त्यांच्या पाठीशी सोलापूरची पेढी होती. माझ्या पाठीशी काय आहे? एका मिस्त्रीचे दोन हात. माझी पेढी म्हणायची तर ही पदवीच. थोरांचे अनुकरण करताना त्यांची शेवटची पायरी आपण पाहतो, पहिली पाहत नाही. मी कॉलेज सोडले नाही. सकाळी दोन शिकवण्या घेते आणि दुपारी तासांना बसते.

आणि त्या पद्मिनीचे काय झाले? जाम इंजिनात प्लगच्या भोकांतून तेल सोडून बाबांनी ते आठ दिवस तसेच ठेवले, मग हाताने फिरवून मोकळे केले. स्टेअरिंगवरच्या गिअरचे झिजलेले बुश कोठे मिळेनात. मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात तीन रविवार हिंडल्यावर ते सापडले. कार्बुरेटर तर किती वेळा खोलला याची गणतीच नाही. मालकांनी कागदपत्रांचे हेलपाटे घातले. सगळे जमेपर्यंत होळी उजाडली.

पाडव्याला गाडीला हार घातला आणि बाबांनी चोक ओढून किल्ली फिरवली. तिसऱ्या खेपेला ती चालू झाली. मालक शेजारी, मी मागच्या सीटवर, असे आम्ही फुलेनगरवरून निघालो. माझ्या सांगण्यावरून बाबांनी गाडी डेक्कन कॉलेजच्या फाटकापर्यंत नेली. तेथे वळवताना ती बंद पडली! बाबा बॉनेट उघडून वाकले. मी फाटकातून आत त्या जुन्या इमारतीकडे पाहत उभी राहिले. येथून एक विद्यार्थी पदवी न घेता गेला आणि त्याने मोटारीचा कारखाना काढला. त्या कारखान्याची गाडी आज एका मिस्त्रीने त्याच फाटकापर्यंत आणून सोडली होती. पाच मिनिटांत बाबांनी सुटलेली वायर जोडली आणि गाडी पुन्हा चालू झाली.

सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय, इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर अशी त्यांच्या नावाची स्मारके पुष्कळ आहेत. पण जुन्या बॉनेटखालची ती गंजलेली पट्टी मला सर्वांत जवळची वाटते. आपल्याला जमणार नाही असे जे काम सगळे सांगत होते, ते हाती घेणाऱ्या त्या माणसाच्या स्मृतीस माझे विनम्र अभिवादन.