झिंझोटीतले वंदे मातरम्

जिदहफ्सच्या घरी परवा लेकीने विचारलं, की राष्ट्रगीत असताना आपण वंदे मातरम्‌ही का म्हणतो? मला मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर आठवले. १८९८ साली आळंदीत जन्म, भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, गंधर्व मंडळीतले नट-गायक. पुढे पुण्याच्या भारत गायन समाजात अनेकांचे गुरू. वंदे मातरम् राष्ट्रगीत व्हावं म्हणून त्यांनी झिंझोटी रागात सर्वांना गाता येईल अशी चाल बांधली. बँडवर वाजणार नाही, असा आक्षेप आला, तर मास्तरांनी मुंबईत ती बँडवर बसवून घेतली आणि दिल्लीत जाऊन ऐकवली! पण २४ जानेवारी १९५० रोजी राष्ट्रगीत ठरलं जनगणमन. वंदे मातरम्‌ला बरोबरीचा मान मिळाला. त्यांचं शिकवणं मात्र चालूच राहिलं. १९७४ साली ते गेले. त्यांची चाल आता फारशी कानावर पडत नाही. येत्या २६ जानेवारीला आम्ही मायलेकी तीच म्हणणार आहोत. तुम्हीही या!