महबूब पाशा, साप आणि क्लोरोफॉर्म

हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान १८६९ मध्ये तख्तावर आले, तेव्हा ते तीन वर्षांचेही नव्हते. १८८४ मध्ये त्यांनी कारभार स्वतःच्या हाती घेतला. आजचे नांदेड आणि लातूर तेव्हा त्यांच्याच रियासतीत होते.

साप चावला की लोक महबूब पाशांचे नाव घेत. त्या नावाने विष उतरते, अशी पक्की समजूत होती. वाचलेला माणूस गावभर किस्सा सांगे. दगावलेल्याची हकिकत त्याच्याबरोबरच दफन होई. बहुतेक साप बिनविषारी असतात, विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही, हा हिशेब कोणी मांडत नसे.

याच महबूब पाशांनी दुसऱ्या एका हिशेबासाठी मात्र खजिना उघडला. क्लोरोफॉर्म दिल्यावर काही रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावरच दगावत. आधी श्वास थांबतो की हृदय, हा वाद होता. हैदराबाद मेडिकल स्कूलचे प्रमुख डॉ. एडवर्ड लॉरी विद्यार्थ्यांना नाडीवर नव्हे, तर श्वासावर नजर ठेवायला शिकवत. १८८८ च्या पहिल्या आयोगाने त्यांचीच बाजू उचलून धरली. लंडनच्या ‘लॅन्सेट’ने ती मानली नाही. तेव्हा निजामांनी एक हजार पौंड देऊ केले आणि ‘लॅन्सेट’लाच आपला तज्ज्ञ पाठवायला सांगितले. १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष तोच निघाला: आधी श्वास.

१९११ मध्ये इंग्लंडच्या गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले, की अर्धवट गुंगीत थोड्या क्लोरोफॉर्मनेही हृदय अचानक बंद पडू शकते. हैदराबादेत प्रयोग कमी पडले नव्हते; तिथे मुख्यतः जादा मात्रेने येणारा मृत्यू तपासला गेला होता. टेबलावरचा रुग्ण वेगळ्याच कारणाने मरत होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, महबूब पाशांचा इंतकाल झाला.

नांदेड-लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील मुलामुलींना त्यांच्या चरित्रातून दोन धडे मिळतात. सापाचा किस्सा विचारायला लावतो: तुलना कोणाशी केली, मोजणीतून कोण सुटले? क्लोरोफॉर्मचा आयोग विचारायला लावतो: तपासलेला प्रश्न आपल्या रुग्णाचाच आहे ना? कोणताही शोधनिबंध, तो कितीही मोठ्या नावाचा असो, या प्रश्नांतून गेल्यावरच रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचावा.