दोन वेळा चॅम्पियन टीम बांधली, आणि दोन्ही वेळा स्वतःच विकून टाकली

टीम जिंकली की मालकाची चांदी, असा सगळ्यांचा समज. पण अमेरिकेत बेसबॉलचा एक मालक असा होऊन गेला, ज्याला जिंकणंच महाग पडायला लागलं. त्यांचं नाव कॉनी मॅक.

खरं नाव कॉर्नेलियस मॅकगिलीकडी. जन्म २२ डिसेंबर १८६२ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या ईस्ट ब्रुकफिल्डचा. आईवडील आयर्लंडहून आलेले, घरची परिस्थिती बेताची. पोरगा लवकरच बुटांच्या कारखान्यात कामाला लागला. बेसबॉलचा नाद मात्र सुटला नाही आणि पुढे तो व्यावसायिक कॅचर झाला. क्रिकेटमध्ये विकेटकीपर असतो, साधारण तशी ही जागा.

१९०१ मध्ये अमेरिकन लीग मोठ्या स्तरावर सुरू झाली. त्यात फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्स ही नवी टीम होती. मॅक तिचे मॅनेजर झाले आणि भागीदारही. पुढे त्यांचा हिस्सा निम्म्यावर गेला. म्हणजे टीम निवडणारे तेच आणि पगार देणारेही तेच. बाकी मॅनेजर खेळाडूंसारखा युनिफॉर्म घालायचे, मॅक मात्र सूट-टाय घालून बसायचे आणि हातातला स्कोअरकार्ड हलवून इशारे द्यायचे.

१९१०, १९११ आणि १९१३ अशी ३ वेळा त्यांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. आणि इथेच गाडी अडली.

१९१३ मध्ये घरच्या मैदानावर सुमारे ५ लाख ७० हजार प्रेक्षक आले होते. १९१४ मध्ये टीम पुन्हा लीगमध्ये पहिली आली, तरी प्रेक्षक साडेतीन लाखांवर घसरले. तेव्हा टीव्हीचे हक्क नव्हते, सगळी कमाई तिकिटांची. त्यात फेडरल लीग नावाची नवी लीग आली आणि जास्त पगार देऊन खेळाडू ओढायला लागली. चॅम्पियन खेळाडू पगारवाढ मागणार, हे उघडच होतं.

त्या वर्षी वर्ल्ड सिरीजमध्ये बोस्टन ब्रेव्हजने त्यांना ४-० ने धुतलं. मग मॅक यांनी टीमच मोडली. एडी कॉलिन्सला ५० हजार डॉलरला शिकागोला विकलं. बाकीचेही एकेक करून गेले. १९१६ मध्ये याच टीमने ३६ मॅच जिंकल्या आणि ११७ हरल्या. सलग ७ वर्षं ती तळाला राहिली.

मॅक यांच्या नावावर एक गणित आजही सांगितलं जातं. हंगामात बराच काळ चुरशीत राहायचं, पण शेवटी चौथ्या नंबरवर थांबायचं. तोवर तिकिटं खपलेली असतात आणि पुढच्या वर्षी कोणी पगारवाढ मागत नाही.

तरीही त्यांनी पुन्हा टीम उभी केली. जिमी फॉक्स, लेफ्टी ग्रोव्ह, मिकी कॉक्रेन, अल सिमन्स, एकापेक्षा एक खेळाडू. १९२९ आणि १९३० ची वर्ल्ड सिरीज त्यांचीच. पण महामंदी आली. १९२९ मध्ये ८ लाख ४० हजारांच्या आसपास असलेले प्रेक्षक १९३२ मध्ये ४ लाखांवर आले. भरीस भर म्हणजे पेनसिल्व्हेनियात १९३४ पर्यंत रविवारी मॅच खेळवायलाच बंदी होती.

पुन्हा विक्री सुरू झाली. सिमन्स दोन सहकाऱ्यांसह १ लाख डॉलरला गेला, कॉक्रेन तितक्यालाच, आणि १९३५ च्या डिसेंबरमध्ये फॉक्सही. शेजारच्या घरांच्या गच्चीवरून लोक मॅच बघायचे, तर १९३५ मध्ये तिथे पत्र्याची उंच भिंत उभी राहिली. फुकटात कोणी बघू नये म्हणून.

मग मॅक लोभी होते का? दुसरी बाजूही आहे. यँकीजचे मालक जेकब रुपर्ट यांची बिअरची फॅक्टरी होती. बोस्टन रेड सॉक्सचे टॉम यॉकी यांना वारशाने मोठी संपत्ती मिळालेली. मॅक यांचं पोट मात्र बेसबॉलवरच होतं. टीम तोट्यात गेली तर भरपाई करायला दुसरा धंदा नव्हता.

पण किंमत मोजली ती चाहत्यांनी. १९३५ ते १९४६ या १२ हंगामांत टीम ९ वेळा शेवटची आली आणि लोकांनी हळूहळू मैदानाकडे पाठ फिरवली. १९५० मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी मॅक यांनी मॅनेजरपद सोडलं. एकूण ५३ हंगामांत ३,७३१ विजय आणि ३,९४८ पराभव, दोन्ही आकडे विक्रमी.

१९५४ मध्ये टीम विकली गेली आणि नवा मालक तिला कॅन्सस सिटीला घेऊन गेला. ८ फेब्रुवारी १९५६ ला ९३ व्या वर्षी मॅक फिलाडेल्फियात वारले. मैदानाला त्यांचं नाव होतं, पण तिथे खेळायला त्यांची टीम उरली नव्हती.