सूर तिचा स्वतःचा

क्लॅरनेट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लग्नाच्या वरातीतला बँड उभा राहतो. गाल फुगवून, घामाघूम होऊन वाजवणारे दादा-काका. बाई क्लॅरनेट वाजवतेय असं चित्र मी तरी कधी पाहिलं नव्हतं. म्हणूनच थिया किंगबद्दल वाचलं आणि तिची गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटली.

थियाचा जन्म १९२५ चा, इंग्लंडमधल्या हिचिन गावचा. १९४३ मध्ये, महायुद्ध चालू असताना ती लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये दाखल झाली. पियानो शिकली, क्लॅरनेटही शिकली. क्लॅरनेटचे गुरू होते फ्रेडरिक थर्स्टन. बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रात त्यांनी कितीतरी वर्षं मुख्य क्लॅरनेटवादकाची खुर्ची सांभाळली होती. मोठमोठे संगीतकार त्यांच्यासाठी रचना करायचे. जेराल्ड फिन्झी यांचा क्लॅरनेट कॉन्चर्टो १९४९ मध्ये पहिल्यांदा वाजवला तो त्यांनीच. (कॉन्चर्टो म्हणजे एक वादक पुढे, बाकी सगळा ताफा त्याच्या साथीला.)

जानेवारी १९५३ मध्ये या गुरू-शिष्येनं लग्न केलं. ते तिच्याहून चोवीस वर्षांनी मोठे. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात फुप्फुसाच्या कॅन्सरनं ते गेले. संसाराला धड वर्षही झालं नव्हतं. थिया तेव्हा अवघी सत्तावीस वर्षांची होती.

इथं मी वाचता वाचता थांबले. नवरा गेला, त्याच्याबरोबर गुरूही गेला. हातात उरलं ते त्याचंच वाद्य. म्हणजे जन्मभर तुलना आलीच! एखादीनं वाद्य पेटीत बंद करून ठेवलं असतं, तरी कुणी नावं ठेवली नसती. थिया मात्र कामाला लागली.

१९५५ मध्ये फक्त बायकांचा असा वाद्यसमूह उभा राहिला, पोर्शिया विंड एन्सेम्बल. त्यात ती १९६८ पर्यंत वाजवत होती. १९५६ पासून अठ्ठावीस वर्षं लंडन मोझार्ट प्लेअर्स, शिवाय १९६४ पासून १९९९ पर्यंत इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्रा. मैत्रिणींनो, व्हिएन्नाच्या जगप्रसिद्ध फिलहार्मोनिकनं बायकांना सभासद करून घेतलं ते १९९७ मध्ये. तोवर थियाची निम्म्याहून जास्त हयात ऑर्केस्ट्रात गेली होती!

१९८० मध्ये हायपेरियन ही रेकॉर्ड कंपनी सुरू झाली. तिच्या पहिल्या क्रमांकाच्या रेकॉर्डवर थिया आहे, आणि ती वाजवतेय तोच फिन्झींचा कॉन्चर्टो. नवऱ्यानं पहिल्यांदा वाजवलेली रचना, तीस वर्षांनंतर, तिच्या स्वतःच्या श्वासातून. मला वाटतं, तुलनेची भीती असती तर तिनं ही रचना टाळलीच असती. पुढं क्रुसेलसारख्या मागे पडलेल्या जुन्या संगीतकाराच्या रचनाही तिनं पुन्हा लोकांपर्यंत आणल्या.

हे सगळं चालू असताना शिकवणंही होतंच. जिथं ती स्वतः शिकली, त्याच रॉयल कॉलेजमध्ये १९६१ पासून १९८७ पर्यंत तिनं मुलं घडवली, आणि मग गिल्डहॉल स्कूलमध्ये. गुरूकडून घेतलेलं तिनं असं पुढच्यांच्या ओंजळीत टाकलं.

२००१ मध्ये ब्रिटिश सरकारनं तिला ‘डेम’ हा किताब दिला. २००७ च्या जूनमध्ये, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी ती गेली. तिचं लग्नाचं आयुष्य जेमतेम अकरा महिन्यांचं, आणि त्यानंतरचं काम पन्नास वर्षांचं.

आपल्याही आसपास अशा बायका असतात. नवऱ्याच्या मागं त्याचं दुकान, त्याची शेती, त्याचा क्लास चालवणाऱ्या. लोक म्हणतात, ‘त्यांचं काम पुढं नेतेय हो बिचारी.’ ते काम कधीच तिचं स्वतःचं झालेलं असतं, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही.