पेन्शनीतले सुभेदार रामजी

परमपूज्य बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे मूळचे कोकणातल्या आंबडवे गावचे. फौजेत सुभेदार झाले, फौजेच्या शाळेत चौदा वर्षे हेडमास्तरकी केली. १८९१ साली महूला भीमरावांचा जन्म झाला नि थोड्याच वर्षांत सुभेदारांची नोकरी संपली.

अंगावरची वर्दी उतरली तरी संसार मोठाच होता. आधी दापोली, मग सातारा. १८९६ साली भीमाबाई गेल्या. गोरेगावला दुष्काळी कामावर सुभेदारांनी रोखपालाची नोकरी धरली, पोरं साताऱ्यात. पुढं बिऱ्हाड मुंबईला, परळच्या डबक चाळीत आलं. खोली एकच. त्यातच चूल, जळण, जातं आणि बकरी! आम्हा गिरणीवाल्यांना ही खोली वेगळी सांगायला नको. भीमराव लवकर झोपत. सुभेदार रात्री दोनपर्यंत जागत, पोराला अभ्यासाला उठवत आणि मग स्वतः त्या जागी आडवे होत.

पोरानं पुस्तक मागितलं की सुभेदार लेकीकडे उसने मागायला निघत. तिथं जमलं नाही तर दुसरीकडे. ती अंगावरचा दागिना काढून द्यायची, तो मारवाड्याकडे गहाण पडायचा आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत. तुळसा आणि मंजुळा या लेकींची आठवण आपल्या जयंतीच्या भाषणांत क्वचितच निघते, हे आम्हाला खटकतं.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, १९१२ साली बी.ए. सुभेदार २ फेब्रुवारी १९१३ रोजी वारले. त्याच वर्षी जुलैत भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले.